मॉड्युलर मोबाईल : चालणार की पडणार?

कॅमेरा जुना झाला म्हणून अख्खा फोन का बदलायचा? नुसता कॅमेराच काढून नवीन बसवता आला तर? लेगोच्या ठोकळ्यांसारखा! हा विचार होस्टेलवर प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतोच, विशेषतः मेसचं बिल आणि फोनचा बिघाड एकाच महिन्यात आले तर. अशा फोनला ‘मॉड्युलर फोन’ म्हणतात. तो खरंच चालेल का, हे या लेखात बघू.

आधी थोडा इतिहास. 2013 साली डेव्ह हाकेन्स या डच डिझायनरने ‘फोनब्लॉक्स’ ही कल्पना मांडली आणि त्याचा व्हिडिओ जगभर गाजला. त्याच वर्षी मोटोरोलाने ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. पुढे मोटोरोला लेनोवोकडे गेली, पण आरा गूगलने स्वतःकडेच ठेवला. 2016 च्या मे महिन्यात त्याचं नवं रूप दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये प्रकल्पच गुंडाळला! त्याच वर्षी एलजीचा जी5 आला. खालचा भाग ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. पुढच्या वर्षीच्या जी6 मध्ये ही सोय नव्हती. मोटोरोलाच्या मोटो झेडला पाठीवर चुंबकाने चिकटणारे स्पीकर, प्रोजेक्टर, बॅटरी असे ‘मॉड्स’ मिळायचे. 2019 च्या झेड4 नंतर तेही पुढे गेलं नाही.

एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढा पैसा, मग घोडं अडलं कुठे?

धडा पहिला : जोडणीचं माप

उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे. इथे बनलेलं .303 चं काडतूस पार बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफलीत बरोबर बसायचं. दोन्हीकडच्या कामगारांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसेल. पण माप ठरलेलं होतं, ते गेजने तपासलं जायचं आणि मुख्य म्हणजे ते दशकानुदशकं बदललं नाही. मॉड्युलर वस्तूचा प्राण म्हणजे ही जोडणी, ज्याला आपण इंटरफेस म्हणतो.

मोबाईलमध्ये नेमकं हेच जमत नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि बहुतेक वेळा मोडेम एकाच चिपवर असतात. रॅम तर अनेक फोनमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असते, कारण सिग्नलचा रस्ता जितका छोटा तितका वेग जास्त आणि वीज कमी. हे भाग वेगळे करून मध्ये कनेक्टर घातले की जागा जाते, वजन वाढतं, बॅटरी लवकर उतरते. शिवाय नवा कॅमेरा आला की त्याचा डेटा वाढतो, मग जुना कनेक्टर आणि जुना प्रोसेसर त्याला पुरत नाही. आराच्या शेवटच्या रूपात प्रोसेसर, स्क्रीन आणि मुख्य बॅटरी सांगाड्यातच पक्के केलेले होते. म्हणजे जे बदलावंसं वाटतं तेच बदलता येणार नाही!

टेस्टिंगचाही हिशोब करून बघा. फोनला 8 खाचा आणि प्रत्येक खाचेला 5 पर्याय धरले, तर 5 चा आठवा घात म्हणजे 3,90,625 वेगवेगळे फोन झाले. एवढ्या सगळ्यांवर अँड्रॉइड नीट चालतं की नाही हे तपासणार कोण?

कोणी म्हणेल, मग आपण पीसी असेंबल करतो तो कसा चालतो? एक तर कॅबिनेटमध्ये जागा भरपूर, पंखे लावता येतात, आणि पीसी खिशात घालून फिरायचं नसतं. शिवाय तिथेही मर्यादा आहेच. डीडीआर5 ची रॅम डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि नव्या प्रोसेसरसाठी पुष्कळदा मदरबोर्डच बदलावा लागतो.

धडा दुसरा : दुरुस्ती

मग विषय संपला का? मला तसं वाटत नाही. अपग्रेड आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 साली इथे खडकीतच सुरू झाली. तिची इंजिनं गावोगावी विहिरींवर चालली. शेतकऱ्याने काही इंजिनाची ताकद दर वर्षी वाढवून घेतली नाही. त्याला हवं होतं ते एवढंच, की पिस्टन रिंग, नोझल किंवा गॅस्केट गेलं तर ते तालुक्याला मिळावं आणि गावातल्या फिटरला बसवता यावं.

आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं? होस्टेलवर फोन बदलायची कारणं विचारा. बॅटरी टिकत नाही, स्क्रीन फुटली, चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला. प्रोसेसर कमी पडतो म्हणून फोन टाकणारे थोडेच. नोकियाची बीएल-5सी बॅटरी आठवा. नखाने मागचं झाकण काढायचं, नवी बॅटरी घालायची, झालं काम. ती इतकी रुळली की इतर कंपन्यांचे साधे फोन आणि छोटे रेडिओसुद्धा त्याच मापाच्या बॅटरीवर चालू लागले. खरी मॉड्युलर वस्तू तर तीच होती, फक्त तिला तसं कोणी म्हटलं नाही.

या वाटेने जाणारा फोन आजही आहे. युरोपातल्या फेअरफोन कंपनीच्या 2019 च्या मॉडेलमध्ये स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा आणि पोर्ट एका छोट्या स्क्रूड्रायव्हरने घरीच बदलता येतात. 2020 मध्ये कंपनीने त्याच फोनसाठी चांगला कॅमेरा वेगळा विकला. म्हणजे दुरुस्तीची सोय नीट केली तर थोडं अपग्रेडही पदरात पडतं.

सगळे असं का करत नाहीत? गोंदाने चिकटवलेला फोन पातळ होतो आणि पाण्यापासून वाचवणं सोपं जातं, हे खरं आहे. पण फोन उघडणं अवघड असलं की नवा फोन जास्त खपतो, हेही खरंच! म्हणून आता कायदे येताहेत. युरोपियन युनियनमध्ये 20 जून 2025 पासून असा नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही 7 वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा त्याचा हेतू. युरोपसारखी सक्ती मात्र त्यात नाही.

तेव्हा माझं उत्तर असं : ठोकळ्यांचा फोन चालणार नाही, पण उघडता येणारा फोन चालू शकतो. त्यासाठी गिऱ्हाईकाने मागणी मात्र केली पाहिजे. पुढचा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी तीन प्रश्न विचारा : बॅटरी आणि स्क्रीन बदलायला किती पैसे पडतात? सुटे भाग किती वर्षं मिळणार? सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं येणार? आणि आपल्यातले जे उद्या डिझाइनच्या नोकरीत जातील त्यांना एक विनंती. मिनी प्रोजेक्टचे पार्ट आणायला आपण तपकीर गल्लीत जातोच, तेव्हा मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या दुकानापाशी दहा मिनिटं उभे राहा. फोन कुठे उघडत नाही, काय हमखास तुटतं, हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्याच टेक्स्टबुकमध्ये सापडणार नाही.