पिकांची जनुके आणि त्यांचे रानातील आप्त

जनुक-परिवर्तित पिकाचे परागकण रानटी आप्तवनस्पतीवर पडल्यास नवे जनुक रानात जाते काय, हे पिकागणिक ठरते. २००२ साली मान्यता मिळालेली बीटी कपाशी विदर्भात सर्वत्र आहे. तिच्यात ५२ गुणसूत्रे असतात, देशी कपाशीत २६. त्यामुळे त्यांचा संकर सहसा वांझ ठरतो. वांग्याचे तसे नाही. रानवांग्याशी त्याचा संकर होऊन रुजणारे बी धरू शकते. कीडरोधक जनुक असे पसरल्यास रानवांगे तण म्हणून बळावण्याचा आणि नव्या वाणांसाठी लागणारा मूळ ठेवा भेसळण्याचा धोका संभवतो. बीटी वांग्याच्या लागवडीस केंद्र शासनाने २०१० साली स्थगिती दिली. आपल्या शिवारात पिकांचे कोणते आप्त उगवतात, याची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत अवश्य करावी. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपूर येथेच आहे.