टर्बो इंजिन आणि माळव्याचा उन्हाळा

डिसेंबरातल्या सकाळी जी गाडी जोमाने पळते, तीच मे महिन्याच्या दुपारी मरगळल्यासारखी चालते. गाडी तीच, चालक तोच, डिझेलही त्याच पंपावरचे. मग फरक कशाचा? फरक असतो तो हवेचा. आजकाल बहुतेक डिझेल पिकअप, पुष्कळ मोटारी आणि मोठे ट्रॅक्टर यांना टर्बो असतो. शिवाय काही तरुण मंडळी गाडीचे ट्यूनिंग करून, म्हणजे तिच्या संगणकातील आकडे बदलून, ताकद वाढवून घेतात. अशा सर्वांनी उन्हाळा आणि टर्बो यांचे नाते समजून घेतले पाहिजे. नाहीतर ऐन हंगामात इंजिन उघडण्याची पाळी येते.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनाला इंधनाबरोबर हवाही लागते. जितकी हवा जास्त, तितके इंधन नीट जळते आणि तितकी ताकद मिळते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हे टर्बोचे काम. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. हवेवर जो जादा दाब येतो त्यास बूस्ट म्हणतात.

माप तेच, वजन कमी

पायलीचे माप गव्हाने भरा आणि तेच माप मुरमुऱ्यांनी भरा. माप दोन्ही वेळा भरलेले दिसेल, पण वजनात केवढा फरक! हवेचेही असेच आहे. हवा तापली की फुगते, विरळ होते. थंडीत इंदूरला पहाटे १० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते, तर मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि कधी त्याहूनही जास्त होते. १० अंशाच्या हवेपेक्षा ४२ अंशाच्या हवेत, दाब तोच असताना, सुमारे दहावा हिस्सा हवा कमी असते. त्यातून इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमीच असतो.

येथेच अनेकांची फसगत होते. बूस्टचा काटा डिसेंबरात एक बार दाखवतो आणि मे महिन्यातही एक बारच दाखवतो. चालकाला वाटते, सर्व ठीक आहे. पण काटा फक्त दाब दाखवतो, हवेचे वजन दाखवत नाही. माप भरले, पण आत मुरमुरे आहेत!

दाबली की हवा तापते

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. टर्बोतही तेच घडते. ढोबळ हिशोब असा की, चांगल्या टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला तर १० अंशाची हवा जवळजवळ १०० अंशापर्यंत तापते आणि ४२ अंशाची हवा १४० अंशापर्यंत जाते.

ही हवा थंड करण्यासाठी पुढच्या जाळीमागे इंटरकूलर असतो. तो दिसायला रेडिएटरसारखाच, पण त्यातून पाण्याऐवजी दाबलेली हवा वाहते. तो स्वच्छ असेल तर मे महिन्यातील १४० अंशाची हवा ७० अंशाच्या आसपास येते. पण नांगरणीची धूळ, भुसा, मेलेले किडे यांनी त्याच्या फटी बुजल्या तर तीच हवा १०० अंशाला इंजिनात शिरते. म्हणजे उन्हाने घेतलेला दहावा हिस्सा गेलाच, वर आणखी आठ टक्के हवा गेली. आणि इंटरकूलर कितीही मोठा बसवला तरी बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा थंड करणे त्याला शक्य नसते.

ट्यूनिंग केलेल्या गाडीचा धोका

कारखान्यातून आलेल्या गाडीचा संगणक हवेचे तापमान मोजतो आणि हवा फार तापली की इंधन व बूस्ट आपोआप कमी करतो. दुपारी गाडी मंद वाटते ती पुष्कळदा यामुळेच. हा बिघाड नव्हे, इंजिनाचे संरक्षण आहे. थंडीच्या दिवसांत ट्यूनिंग करून ही मर्यादा उठवली, तर मे महिन्यात त्याची किंमत मोजावी लागते. डिझेल इंजिनात हवा कमी आणि इंधन तेवढेच, म्हणून काळा धूर निघतो, धुराचे तापमान चढते आणि पिस्टन व टर्बो होरपळतात. पेट्रोल इंजिनात तापलेले मिश्रण वेळेआधी पेटते व आतून टकटक ऐकू येते. ही टकटक चालू ठेवली तर पिस्टन फुटतो.

निमाडातून माल भरून मानपूरचा घाट चढणाऱ्या पिकअपवर तर तिहेरी भार पडतो: सखल भागातील कडक ऊन, चढ आणि वजन. अशा वेळी चढावर वेग कमी म्हणून इंटरकूलरला वाराही कमी मिळतो.

धूर आणि आरोग्य

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधन. पैसे तर वाया जातातच, पण तो धूर शेतातील माणसांच्या फुप्फुसात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. तेव्हा धुराकडे ताकदीची खूण म्हणून पाहू नये.

काय करावे?

१. उन्हाळ्यापूर्वी इंटरकूलर व रेडिएटर साफ करावेत. पाण्याची धार मंद ठेवावी. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

२. एअर फिल्टर वेळेवर बदलावा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या व क्लिपा तपासाव्यात. चढावर फुसफुस आवाज आला तर हवा गळते आहे असे समजावे.

३. माळव्याच्या रात्री थंड म्हणून प्रसिद्ध आहेत. 'शब-ए-मालवा' हे नाव त्यावरूनच पडले. जड नांगरणी व मालाची वाहतूक शक्य तर पहाटे करावी. इंजिनालाही बरे आणि माणसालाही.

४. भारी कामानंतर इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे टर्बोत तेल फिरून तो निवतो.

५. उन्हाळ्यात ताकद कमी वाटली म्हणून बूस्ट वाढवून घेऊ नये. जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता. ट्यूनिंग केलेलेच असेल तर ते मे महिन्याच्या दुपारसाठी बेताचे करून घ्यावे. गाडीच्या मूळ रचनेतील फेरबदलांवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि कंपनीची हमीही जाऊ शकते.

६. टकटक, काळा धूर किंवा चढता उष्णतेचा काटा यांपैकी काहीही दिसले तर पाय हलका करावा, गाडी सावलीत उभी करावी आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवावी.

भर उन्हात बैलाला आपण चढावर पळवत नाही. सावली पाहून थांबवतो. इंजिन बोलत नाही, पण दम त्यालाही लागतो. डिसेंबरातल्या ताकदीची अपेक्षा मे महिन्याच्या दुपारी न करणे, यातच इंजिनाचे आयुष्य आणि आपली बचत आहे.