मासा आणि पाण्यांतील मीठ

मासा पाण्यांतच जन्मतो. तेव्हां तें पाणी गोडें असो वा खारें, त्याचें त्यास काय, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तळ्यांत मासे पाळणारास पाण्यांतील मिठाचा हिशेब ठेवावाच लागतो. तो कां, हें आम्ही येथें सांगणार आहों.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्ताचा खारटपणा त्याच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. कल्ल्यांच्या नाजूक त्वचेंतून पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे झिरपतें. म्हणून गोड्या पाण्यांतील माशाच्या अंगांत पाणी सारखें शिरतें. तो तें मूत्रावाटे टाकतो व कल्ल्यांनीं क्षार आंत घेतो. समुद्रांतील माशाची स्थिति उलट. त्याच्या अंगांतील पाणी बाहेर जातें. म्हणून पाण्यांत राहूनहि त्यास पाणी प्यावें लागतें, व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकावें लागतें!

ह्या कामास शक्ति लागते, आणि ती अन्नांतूनच येते. खारटपणा न मानवणारा झाला, कीं खाल्लेलें अन्न अंगीं लागण्याऐवजीं हा तोल सांभाळण्यांत खर्ची पडतें. भूक मंदावते, वाढ खुंटते, आणि अशक्त माशास रोग लौकर गांठतो. शिवाय खाऱ्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. रोहू व कटला हे गोड्या पाण्याचे मासे. त्यांच्या तळ्यांत खाडीचें पाणी भरलें, तर धन्याचे वर्षभराचे श्रम वायां जातात.

रायगड जिल्ह्यांतील जिताडा मात्र दोन्हीं पाण्यांत राहतो. त्याचीं पिलें खाडींतून आणून गोड्या तळ्यांत वाढविण्याची तेथें रीत आहे. तेथें तो चांगला पोसतो. पण त्याचीं अंडीं खाऱ्या पाण्यांतच फळतात, म्हणून तळ्यांत त्याची प्रजा वाढत नाहीं. अशा काटक माशासहि पाण्याचा बदल एकाएकीं सोसत नाहीं. कारण कल्ल्यांस आपलें काम उलटें फिरविण्यास कांहीं दिवस लागतात. यास्तव आणलेल्या पिलांच्या भांड्यांत तळ्याचें पाणी थोडें थोडें मिसळीत जावें, व मगच त्यांस तळ्यांत सोडावें.

ज्या पालकांचीं तळीं खाडीकांठीं आहेत, त्यांनीं उन्हाळ्यांत पाणी आटून खारटपणा वाढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानें तो झपाट्यानें उतरतो, हें ध्यानांत ठेवावें. ह्या दोन्हीं वेळीं केवळ जिभेच्या चवीवर न विसंबतां क्षारतामापकानें पाणी मोजावें. मासा आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं. तें पाण्यावरूनच ओळखावें लागतें.