परसातली भाजी आणि प्रेअरी

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात; पण इथे वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी प्रेअरी डोळ्यांनी पाहिली आहे? दोष आपला नाही. वसाहती होण्यापूर्वी राज्याचा सुमारे साठ टक्के भाग, म्हणजे दोन कोटींहून अधिक एकर, या उंच गवताच्या माळाने व्यापलेला होता. १८३७ साली जॉन डिअर या लोहाराने ग्रँड डिटूर गावी पोलादी नांगर घडवला. इथली चिकट काळी माती त्याला चिकटून राहीना, आणि पुढल्या काही दशकांत जवळपास सगळा माळ शेताखाली गेला. १९७८ साली पुऱ्या झालेल्या पाहणीत उत्तम स्थितीतली मूळ प्रेअरी अडीच हजार एकरही भरली नाही. तीही बरीचशी रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत.

माळरान म्हटले की आपल्याला सोलापूरकडचे मुरमाड रान आठवते. इथली माती त्याहून फार वेगळी, खोल आणि काळीभोर, आणि ती या गवतानेच घडवलेली आहे. बिग ब्लूस्टेम हे इथले मुख्य गवत. गणपतीच्या दिवसांत ते सात-आठ फूट उंच होते, आणि जमिनीखाली मुळेही जवळजवळ तेवढीच खोल जातात. त्या मुळांतली काही दरवर्षी मरतात, कुजतात आणि त्यांची माती होते. आपण ज्या मातीत मेथी आणि वांगी लावतो ती या हिशेबातली जुनी शिल्लक आहे.

आमच्या घराभोवती पाच एकर जमीन आहे. त्यातल्या दोन एकरांवर प्रेअरी पेरली आहे आणि तिच्या कडेला भाजीचे वाफे आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मला सांगायचे आहे.

लाल भोपळ्याचे उदाहरण घ्या. त्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. स्क्वॉश बी नावाची एक देशी मधमाशी उजाडण्याच्या सुमारास येऊन हे काम उरकते. तिचा नर तर मिटलेल्या फुलातच झोपतो. पोळ्यातली मधमाशी सतराव्या शतकात युरोपातून आली, ही त्याआधीपासूनची. ती वेलाच्या आसपास जमिनीत बीळ करून राहते, म्हणून भोपळ्याच्या वाफ्यात खोल नांगरट करू नये. टोमॅटो आणि वांग्याचे पराग बंबलबी अंग थरथरवून झाडून काढते, पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. पण भोपळा आणि वांगी फुलात असतात ते दोन-तीन महिने. बंबलबीची वसाहत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, तिला आधी आणि नंतरही खायला हवे. ते प्रेअरीत मिळते: जूनमध्ये मिल्कवीड, जुलैमध्ये बर्गमॉट आणि कोनफ्लॉवर, शेवटी गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर. एकेकाळी इथे सर्रास दिसणारी रस्टी पॅच्ड बंबलबी २०१७ पासून संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. नुसत्या लॉनवर तिला उपवासच घडतो. (दुधी आणि पडवळ मात्र वेगळ्या पंथाचे. त्यांची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, पतंगांसाठी. दुधी धरत नसेल तर दिवेलागणीला नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच फिरवावे.)

प्रेअरी लावायला फार खर्च नाही, पण धीर लागतो. आधी लॉनचे गवत पूर्ण मारावे लागते. ते अर्धवट राहिले तर पुढचे सगळे फुकट. बी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघड्या जमिनीवर टाकावे, कारण बहुतेक बियांना थंडी आणि ओल लागल्याशिवाय कोंब फुटत नाही. पहिल्या वर्षी वर फक्त तण दिसते, कारण रोपे मुळांत गुंतलेली असतात. ते तण बी धरण्याआधी सहा-आठ इंचांवर कापत राहावे. तिसऱ्या वर्षी फुले येतात. खत घालू नये, त्याने तणच माजते. खत भाजीला.

आणि आग. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी हे माळ मुद्दाम पेटवत. गवताचा कोंब जमिनीखाली असल्याने तो वाचतो, झुडपांची रोपे जळतात आणि काळी जमीन लवकर तापते. दरवर्षी फक्त एक भाग जाळावा, म्हणजे उरलेल्या काड्यांतले किडे जगतात. राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवाना, अग्निशमन दलाला सूचना आणि जाणकार माणसे यांशिवाय काडी ओढू नये. हे न जमल्यास उशिरा कापणी करून गवत उचलून टाकले तरी चालते.

आता थोडे वैद्यकीय, कारण आपल्या लोकांना रानात हिरवे दिसले की भाजी आठवते. शेपूसारखा पिवळा छत्रीदार फुलोरा रस्त्याकडेला दिसला तर तो शेपू नव्हे, वाइल्ड पार्सनिप आहे. त्याचा रस कातडीला लागून वर ऊन पडले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. उपटायचे झाल्यास हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. पांढऱ्या छत्रीचे, देठावर जांभळे डाग असलेले हेमलॉक त्याहून वाईट. पाने कोथिंबिरीच्या जातकुळीतली वाटतात, पण पोटात गेले तर जीव जाऊ शकतो. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे आवर्जून दाखवा. शिवाय गवतातून आल्यावर मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यांमागे आणि केसांत गोचीड शोधावी. लाइमचे जंतू अंगात जायला ती साधारणपणे चोवीस तासांहून अधिक चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच रात्री चिमट्याने काढलेली गोचीड सहसा निरुपद्रवी. पुढे ताप आला किंवा लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांकडे जावे.

पाच एकर नसले तरी अडत नाही. कुंपणालगतची दहा बाय वीस फुटांची पट्टीही पुरते. मात्र कडा कापून नीट ठेवावी, म्हणजे शेजारी कुरकुरत नाहीत आणि गावाची तणाबद्दलची नोटीसही येत नाही. आधी डोळ्यांनी पाहायची असेल तर लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममधली शुलेनबर्ग प्रेअरी ऑगस्टमध्ये मुलांना दाखवावी. ती १९६२ पासून हातांनी लावून वाढवलेली आहे. मी ऑक्टोबरमध्ये आमच्या प्रेअरीतले बी गोळा करतो. दिवाळीच्या सुमारास मंदिराच्या स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर पुड्या ठेवेन, कढीपत्त्याच्या रोपांशेजारी. हवी त्यांनी न्यावी, आणि नोव्हेंबर सरण्यापूर्वी पेरून टाकावी.