शास्त्राभ्यास : स्त्रिया व याजकदीक्षा

शास्त्रपाठ : योहान २०:११-१८, रोम. १६:१-७

रोमन कॅथोलिक मंडळीत स्त्रियांस याजकदीक्षा द्यावी की नाही, हा वाद पुष्कळ वर्षांचा आहे. सन १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी असे जाहीर केले की, अशी दीक्षा देण्याचा अधिकार मंडळीस मुळीच नाही. त्यांचे मुख्य प्रमाण हे की, प्रभूने निवडलेले बाराही प्रेषित पुरुष होते, व मंडळीने तोच कित्ता सदैव गिरविला. प्रभूची इच्छा आपल्या हातून मोडली जाऊ नये, ही काळजी ह्या मताच्या मुळाशी आहे; तिचा उपहास करू नये.

तथापि प्रमाण तपासून पाहणे उचित होय. ते बारा जण जसे पुरुष, तसेच यहूदीही होते. तरी परराष्ट्रीयांस कोणी दीक्षा नाकारीत नाही. सन १९७६ मध्ये पोपच्याच बायबल-आयोगातील पंडितांनी असे मत दिले की, केवळ नव्या करारावरून ह्या प्रश्नाचा स्पष्ट निकाल लागत नाही. पौल फिबीस किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हणतो; तोच मूळ ग्रीक शब्द फिलिप्पै १:१ येथे मंडळीच्या सेवकांस लाविला आहे. आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांस कळविण्यास प्रभूने मरीया मग्दालीया हिलाच पाठविले.

वाचकहो, आपण सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण मानतो (१ पेत्र २:९). म्हणून इतरांचा न्याय करण्यापूर्वी स्वतःस विचारू या : आपल्या गावच्या मंडळीत शास्त्र जाणणारी बहीण मुकाट्याने मागे बसते, ती प्रभूच्या आज्ञेने की आपल्या रूढीने?