नाशिकला निघालेल्या भाचीसाठी

पोरी, बारावी झाली, नाशिकच्या कॉलेजात प्रवेश झाला, आणि विद्यापीठाकडून पाच-दहा हजार मीटर पळायचं तू मनात धरलंयस. पळायचं कसं ते तुझे सर शिकवतील, त्यात आत्या तोंड घालणार नाही. पण वसतिगृहाची गृहपाल म्हणून खेळणाऱ्या मुली मी फार जवळून पाहिल्यात. त्या मैदानात कमी हरतात. कागद, झोप, जेवण आणि सांगायची लाज, यांतच जास्त अडकतात. तेवढ्यापुरतं ऐक.

१. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेट आणि तुझं नाव, शर्यत, आजवरची उत्तम वेळ लिहून दे — निवड चाचणीची नोटीस लागते तेव्हा तू वर्गात असतेस, आणि ज्यांना तू ठाऊकच नाहीस ते तुला बोलावणार कसे?

२. वाट समजून घे: आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ, आणि तिथून पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, राज्याची ‘अश्वमेध’, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा — पहिली फेरी चुकली की त्या वर्षापुरत्या पुढच्या सगळ्या गेल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याची संजीवनी जाधव विद्यार्थिनी असतानाच २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत गेली आणि १०,००० मीटरचं रौप्यपदक घेऊन आली.

३. कागदांची एकच फाइल कर: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, बोनाफाईड, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र. मूळ कागद घरच्या पेटीत, झेरॉक्स तुझ्याजवळ, फोटो फोनमध्ये — आमच्याकडे म्हण होऊन बसलीय, पाय जिंकतात पण कागद पोचवतात.

४. प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडण्याआधी नाव, जन्मतारीख, शर्यत, क्रमांक आणि सहीशिक्का वाचून घे — राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. एक अक्षर चुकलेलं असलं की तेव्हा आयोजकांना शोधत फिरावं लागतं, आणि ते सापडतीलच असं नाही.

५. स्पर्धेला जाण्याआधी हजेरीच्या सवलतीचा अर्ज दे आणि पोच घे, परत आल्यावर नाही — ७५ टक्के हजेरीचा हिशेब सत्राच्या शेवटी होतो, आणि तोवर तू कुठे होतीस हे वर्गातल्या मॅडमना आठवत नसतं.

६. अभ्यास सत्राच्या सुरुवातीला उरक. भाताच्या रोपांसाठी राब उन्हाळ्यात भाजतात, पाऊस पडल्यावर नाही. हे तुला मी काय सांगायचं — पहिल्या सत्राची परीक्षा आणि स्पर्धांचा हंगाम बहुधा दिवाळीच्या आगेमागे एकमेकांवर येतात, आणि तेव्हा नवं काही डोक्यात शिरत नाही.

७. ‘खेळ की शिक्षण’ असं कोणी विचारलं तर त्रिपुराच्या दीपा कर्माकरचं नाव सांग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिकच्या व्हॉल्टमध्ये १५.०६६ गुण मिळवून ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. सगळा देश डोक्यावर घेत असताना घरी परतल्यावर काही दिवसांतच ती राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या पेपरला बसली — पदक हुकल्याचं दुःख करत बसायला आणि सत्कार घ्यायला कारण तिच्याकडे भरपूर होतं, तरी तिनं पेपर सोडला नाही. मला तिच्या गुणांइतकाच हा पेपर मोठा वाटतो.

८. दोन्ही अगदीच जमेना झालं तर शिक्षण सोडू नकोस, पद्धत बदल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्येच आहे — पण तिकडे वळण्याआधी आंतरविद्यापीठ स्पर्धेची पात्रता राहते का, ते लेखी विचारून घे.

९. कविता राऊतची गोष्ट तू लहानपणापासून ऐकतेस; आता ती आकड्यांनिशी ऐक. आपल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी, पळायला लागली ती अनवाणी. ८ ऑक्टोबर २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटर ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत पळून कांस्यपदक घेतलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सहा आठवड्यांनी ग्वांगचौच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ कमी. तिथं रौप्य मिळालं, कारण प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत पोचली होती. पंचवीस फेऱ्या पळून दोघींत सेकंदाचाही फरक नाही — म्हणून म्हणते, एक रात्र जागरण, एक जेवण चुकवणं, एक बुटाची नाडी, यातलं काहीही ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस.

१०. आणि हेही ध्यानात ठेव, तेव्हा कविता २५ वर्षांची होती — तू अठराची आहेस. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीपर्यंत खेळता येतं. पहिल्याच वर्षी सगळं मिळवायची घाई करू नकोस. घाईला दम लवकर लागतो.

११. सर एक, वेळापत्रक एक. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली कविता घडली, ती वर्षानुवर्षं एकाच माणसाचं ऐकून — मोबाइलवर दर आठवड्याला नवा व्यायाम बघून करणाऱ्या मुलीच्या शरीराला कशाचीच सवय लागत नाही.

१२. रोज रात्री वहीत चार ओळी: किती पळालीस, कशी झोपलीस, काय दुखलं, काय खाल्लंस — दुखणं कधी सुरू झालं हे डॉक्टर विचारतात, तेव्हा ‘बऱ्याच दिवसांपासून’ या उत्तरातून त्यांना काही कळत नाही.

१३. आठवड्याचं अंतर हळूहळू वाढव, आणि सुट्टीत घरी येऊन आवणीला चिखलात उतरलीस तर तेही सरांना सांग — दिवसभर वाकून भात लावणं ही विश्रांती नाही. कंबर आणि मांड्यांनी तो व्यायाम मोजलेला असतो, वहीत नसला तरी.

१४. बूट साधारण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलायला काढ, वरून नवे दिसत असले तरी — आतला मऊ थर आधी मरतो, आणि त्याचा हिशेब नडगी चुकवते. कविता अनवाणी पळाली म्हणून तू डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायचं नाहीस, हे मी आधीच सांगून ठेवते. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

१५. रात्री आठ-साडेआठ तास झोप, आणि खोलीतल्या मैत्रिणींना पहिल्याच दिवशी गोडीनं सांग की तू पहाटे उठतेस — नंतर सांगितलं की भांडण होतं, आधी सांगितलं की सोय होते.

१६. नागलीचं पीठ घरून ने आणि भाकरीची लाज बाळगू नकोस. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट — शहरातली माणसं तीच नागली आता नाचणीसत्त्व म्हणून महाग डब्यांतून घेतात. सोबत उडदाची किंवा कुळथाची आमटी, अंडी, खुरसणीची चटणी असू दे.

१७. जेवणाबरोबर चहा नको, तास-दीड तास थांब. भाजीवर लिंबू पीळ — चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, लिंबानं लागतं. दर सत्राला हिमोग्लोबिन तपास. १२ च्या खाली गेलं तर पळून वाढत नाही, उपचारानंच वाढतं.

१८. आता जरा जवळ ये, हे मोठ्यानं बोलायचं नाही म्हणतात, पण मी बोलणार. पाळी तीन महिने आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणायचं नाही. लगेच बाईडॉक्टरकडे जायचं — पळणाऱ्या आणि जिम्नॅस्टिक करणाऱ्या मुली वजनाच्या धाकानं कमी खातात, शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं ठिसूळ करतं. त्या हाडांना पुढे बारीक भेगा पडतात, आणि ऐन हंगामात मुलगी पाय धरून बसते. ‘हलकी झालीस की वेगानं पळशील’ असं कोणी म्हणालं, तर ते म्हणणारं माणूस सर असो की मैत्रीण, माझ्याशी बोलायला लाव. भूक लपवली की हाड बोलतं.

१९. सिकलसेलची तपासणी जाण्याआधी इथंच सरकारी दवाखान्यात करून घे. आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो, आणि वाहक असलेली मुलगी अगदी ठणठणीत दिसते — वाहक असलीस तरी पळता येतं, पण उन्हात, पाणी न पिता, थांबून श्वास न घेता एकामागून एक जोराच्या फेऱ्या मारल्या तर जिवावर बेतू शकतं. अहवाल काहीही येवो, सरांना दाखव. लपवण्यासारखं त्यात काही नाही. रक्त आपण निवडून घेत नाही.

२०. औषध कुठलंही असो, खोकल्याचं का असेना, डॉक्टरांना आधी सांग की तू स्पर्धेत उतरणारी खेळाडू आहेस आणि औषधाचं नाव ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत तपासून घे — ‘माहीत नव्हतं’ या उत्तरानं सुटका होत नाही. त्याच दीपा कर्माकरला हिजेनामाइन नावाच्या बंदी असलेल्या पदार्थामुळे २१ महिने खेळाबाहेर राहावं लागलं, जुलै २०२३ पर्यंत. सोसून ती परतली आणि २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण जिंकली.

२१. आता यातली आपल्याला लागू बाब. हिजेनामाइन काही वनस्पतींतही सापडतं. आपल्याकडे भगताचा पाला, मुळी, काढा घराघरांत असतो, आणि आजीनं मायेनं दिलेलं नाकारणं जड जातं. तरी हंगामात नको, हंगामाबाहेरही नको, आणि ताकदीची पावडर तर कोणाच्याच हातची नको — झाडाचं आहे म्हणून यादीत नाही, असं नसतं. आजीला मी समजावीन, ते माझ्यावर सोड.

२२. ताप असताना पळायचं नाही, आणि एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखणारं हाड अंगावर काढायचं नाही — सगळीकडचं दुखणं झोपेनं जातं, एका ठिपक्याचं दुखणं डॉक्टरनं.

२३. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भर, आणि जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं — आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, अडलं तर स्वतः जाऊन विचार. खिडकीवरच्या माणसाला राग आला तरी अर्ज तुझाच असतो.

२४. बक्षिसाचे पैसे तुझ्या नावाच्या खात्यात, आधारशी जोडलेल्या. खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर महिना १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात — त्यातून आधी बूट, दूध, तपासण्या. घरी पाठवायचे ते उरल्यावर. तुझ्या बाबाला हे पटायला वेळ लागेल, पण त्याचं मन मोठं आहे.

२५. बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर बाई व्यवस्थापक आहे का ते विचार, आणि कोणाचा स्पर्श किंवा बोलणं खटकलं तर त्याच दिवशी मला फोन, मग कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी — ‘निवड जाईल’ या भीतीवरच अशी माणसं जगतात. निवड गेली तर परत मिळवू. तुझं ऐकून मी आधी तुझ्यावर विश्वास ठेवीन, मग प्रश्न विचारीन.

२६. बोहाड्याच्या उत्सवाला ये, सगळ्या लग्नांना येऊ नकोस — बोहाडा वर्षातून एकदा येतो, लग्नं संपत नाहीत. रुसलेल्या मामीची समजूत मी काढते.

२७. शर्यत वाईट गेली किंवा पेपरला एटीकेटी लागली तर दोन्ही एकाच रात्री सोडून द्यायचा निर्णय घेऊ नकोस. आधी झोप, मग जेव, मग फोन कर — दमलेल्या पायांनी घेतलेला निर्णय सकाळी आपला वाटत नाही.

२८. मैदानावर पेठची, सुरगाण्याची, जव्हारची मुलगी दिसली की आपण होऊन बोल. चाचणीची तारीख, अर्जाची मुदत, चांगला डॉक्टर, यातलं काही स्वतःपुरतं ठेवू नकोस — तुला न कळलेली पुढची नोटीस तुला तीच सांगणार आहे.

२९. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा गाडीभाड्याचं कारण सांगून महिना महिना घरी न येणं चालणार नाही. आणि दर रविवारी फोन कर: वेळ किती आली ते मागाहून, आधी काय जेवलीस ते सांग.