ओटीएचा ट्रान्सकंडक्टन्स कसा मोजावा?

प्रश्न : एलटीस्पाइसमध्ये एलएम१३७०० या ओटीएचा ट्रान्सकंडक्टन्स मोजतो आहे. आउटपुटचा रेझिस्टर बदलला की उत्तरही बदलतं. असं का?

उत्तर : रेझिस्टर असला की आउटपुटचं व्होल्टेज हलतं आणि थोडा करंट ओटीएच्या अंतर्गत रेझिस्टन्समधून जातो. म्हणून रेझिस्टर काढून तिथे डीसी व्होल्टेज सोर्स जोडा. दुहेरी सप्लाय असेल, तर ० व्होल्टचा. दोन्ही इनपुटांमध्ये एसी १ व्होल्ट देऊन एसी अ‍ॅनालिसिस चालवा. आता आउटपुटच्या सोर्समधला करंट म्हणजेच ट्रान्सकंडक्टन्स. तो आलेखाच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या सपाट भागात, डेसिबलऐवजी लिनिअर स्केलवर वाचा. १ व्होल्टमुळे क्लिपिंग होईल ही भीती नको. हे अ‍ॅनालिसिस लिनिअर मॉडेलवर चालतं.

पडताळा जरूर घ्या : बायस करंट भागिले ५२ मिलिव्होल्ट. ५०० मायक्रोअँपिअरला सुमारे ९.६ मिलिसीमेन्स यायला हवेत. फार फरक दिसला, तर आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट तपासा.